ताईच्या हातानं फाडलेली पाकिटं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत चहापत्तीचं नवं पाकीट कोणी आपल्या हातानं फाडत नसे. साबणाची वडीसुद्धा नाही. वेष्टणावर 'आत बक्षीस' असं छापलेलं दिसलं की ते उचलायचं, आमच्या घरी आणायचं आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या हातात द्यायचं, अशी रीतच पडून गेली होती. ताई तेव्हा हायस्कुलात होती आणि मी तिच्या मागे मागे फिरणारं शेपूट.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगते. पाकिटात एक छोटं कार्ड निघायचं, त्यावर चंदेरी पट्टा असायचा. नाण्याच्या कडेनं तो खरवडला की खाली लिहिलेलं दिसायचं. चमचा, वाटी, फार तर चांदीचं नाणं, आणि बहुतेक वेळा 'पुन्हा प्रयत्न करा'. जे काय व्हायचं ते तिथल्या तिथे. पत्ता लिहून पाठवा, सोडतीची वाट पाहा, पेपरात नाव शोधा, असली भानगड नाही. फाडलं, खरवडलं, निकाल लागला. म्हणूनच लोक त्यासाठी इतके वेडे व्हायचे. घरी पत्ती शिल्लक असली तरी नवं पाकीट आणायचे.

हे सुरू झालं ते एका कुकरवरून. आईनं ताईला कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे चहापत्ती आणायला धाडलं होतं. ताईला घरी येईपर्यंत धीर निघाला नाही, तिनं दुकानातच पाकीट फाडलं. आत प्रेशर कुकरचं कार्ड. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मग उन्हात धरून पाहिलं, आणि मग दुकान सोडून आमच्या दारापर्यंत स्वतः सांगायला आले. कुकर आला तेव्हा त्यांनी त्याला झेंडूचा हार घालून आधी चांगले काही दिवस दुकानातच मांडून ठेवला. आई रोज चिडायची. कुकर माझा आणि गिऱ्हाइकं याची, म्हणायची. पण बाबा मुद्दाम त्या दुकानावरून चक्कर मारायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी समोरच्या काकू साबणाची वडी घेऊन आल्या. त्यांनी हसत हसतच ती ताईच्या हातात दिली. तुझ्या हातानं उघड वं, म्हणाल्या, पाहू. त्यातून चांदीचं नाणं निघालं. झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण आमच्या गल्लीनं त्या कावळ्याचा देव करून टाकला. पोरीच्या हाताले यश हाये, असं एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान हलवली, आणि संध्याकाळच्या वेळी आमच्या ओट्यावर पाकिटं हातात धरून माणसं बसू लागली.

आता खरं बोलायचं तर, रिकामीच जास्त निघायची. पण रिकाम्यांचा दोष ताईच्या हाताला कधी लागला नाही. तो आणणाऱ्याला लागायचा. तुम्ही अमावास्येला आणलं. तुम्ही रस्त्यात दाबून पाहिलं. तुमच्या पोरानं आधी दातानं कोपरा चावला, दिसून राहिला ना. लोक मान्यही करायचे बिचारे, आणि पुढच्या वेळी पाकीट नवरीसारखं दोन हातांवर घेऊन यायचे. मी तेव्हाही खिदळायची. मला पाठीत धपाटा बसायचा.

ताई मात्र हसायची नाही. पाकीट हातात घेण्याआधी ती हात धुवायची आणि फ्रॉकला पुसायची. कात्री कधी लावली नाही. डाव्या कोपऱ्यातून हळू फाडायची, कार्ड काढायची, ज्याचं त्याच्या हातात द्यायची. आणि समोरचा माणूस खरवडत असताना ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. इतकी की मला तिचा राग यायचा. आता नाही येत. ताईला देवानं दुसरं फारसं काही दिलंच नव्हतं. अभ्यासात ती मागे, बोलण्यात त्याहून मागे. पाहुणे आले की आई माझी प्रगतिपुस्तकं दाखवायची आणि ताईला पाणी आणायला सांगायची. पण पाकीट घेऊन कोणी दारात उभं राहिलं की ते माझ्याकडे वळूनही बघत नसे. ताई कुठी गेली, एवढंच विचारायचं. तेवढ्यापुरती ती त्या घरात सगळ्यात मोठी असायची.

तिचं लग्नही या हातानंच जमलं, असं म्हटलं तर कोणाला खोटं वाटेल. नरखेड तालुक्यातलं गाव, संत्र्याचा बगीचा, खाऊनपिऊन सुखी घर. मुलाच्या आईची एक नातेवाईक आमच्या गल्लीत राहायची, तिनं सगळं सांगितलेलं. पाहायला आली तेव्हा मुलाच्या आईनं स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिक्षणाचं विचारलं नाही. ताईचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि आमच्या घरात लक्ष्मीच येऊन राहिली म्हणा, असं म्हणाली. बाबांची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या तुटतील असं मला वाटलं.

भाऊजी म्हणजे एक नंबरचा थट्टेखोर माणूस. आमची बायको म्हणजे सरकारी लॉटरी, असं ते साऱ्या गावात सांगत फिरायचे. खेड्यात पाकिटांना काय तोटा? पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याच्या थैलीतसुद्धा खरवडायची कार्डं येतात. औषधाच्या डब्यांवर येतात, खताच्या गोणीवर येतात. पेरणीच्या आधी माणसं बियाण्याची थैली मोटारसायकलवर टाकून यायची आणि ओसरीत बसायची. ताई डोक्यावर पदर घ्यायची, हात धुवायची आणि थैलीची शिवण उसवायची. एकाला फवारणीचा पंप निघाला. त्यानं गावात पेढे वाटले. कोणाला टॉर्च निघाली, कोणाला टोपी. बायका शांपूच्या पुड्या घेऊन यायच्या. मी सुटीत जायची तेव्हा बघायची, चूल सोडून ताई उठायची, पोळी करपली तरी उठायची, पण कोणाला नाही म्हणायची नाही. मी म्हटलं, काय वं, तुला काही कामधंदा? तर भाऊजीच म्हणाले, राहू द्या, सालीबाई, तिच्या हातानं गावाचं भलं होऊन राहिलं तर तुमचं काहून दुखते?

माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. शिकले आणि हिंगण्याच्या कारखान्यात लागले. तिथे पाकिटंच छापतात. चहाची, मसाल्याची, बिस्किटांची, साबणाची. आणि नशिबाची थट्टा बघा, ती खरवडायची कार्डंही तिथेच छापतात. छापलेला मजकूर तपासायचा, माल निघाला की कागदपत्रं करायची, हे माझं काम. त्यामुळे ताईच्या हाताचं जे काय होतं ते मला फार आधीपासून पक्कं ठाऊक होतं. मी कधी बोलले नाही. कोणाचं काही बिघडत नव्हतं ना.

मग भाऊजी आजारी पडले. किडनीचं दुखणं. गावातून काटोलला, काटोलहून नागपूरला, आणि शेवटी धंतोलीच्या एका दवाखान्यात. अख्ख्या विदर्भातली माणसं तिथे पायऱ्यांवर सतरंज्या अंथरून बसलेली असतात, त्यात आमचीही सतरंजी. मी कारखान्यातून सुटले की डबा घेऊन जायची. भाऊजी इतके वाळले होते की थट्टा करताना त्यांना दम लागायचा, तरी करायचे.

एका दुपारी त्यांनी बिस्किटं मागितली. डॉक्टरांनी एखादं चालेल म्हटलं होतं. ताई खाली जाऊन पुडा घेऊन आली. पुड्यावर तेच, 'आत बक्षीस'. मी त्यांच्या पायाशी उभी होते. ताई पुडा नुसता फोडणार, तर भाऊजींनी हात वर केला. आधी हात धू, म्हणाले. तुह्या हातानं फाड. पाहू काय निघते.

ताईनं बेसिनमध्ये हात धुतले, पदराला पुसले आणि पुडा कोपऱ्यातून फाडला. कार्ड भाऊजींच्या हातात दिलं, पण त्यांना खरवडवेना, तेव्हा तिनंच नखानं खरवडलं. त्यावर आणखी एक पुडा मोफत असं निघालं. भाऊजी डोळे मिटून हसले. "पाह्य," म्हणाले, "अजून चालू हाये तुहा हात." तो मोफतचा पुडा ताईनं खालून आणला आणि त्यांनी तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला द्यायला लावला. त्याच आठवड्यात भाऊजी गेले.

दुःख सगळ्यांनाच झालं. ताईच्या म्हाताऱ्या सासूचा तर पोटचा मुलगा गेला होता, तिला मी काय बोलू? पण दिवसकार्य झाल्यावर, अंगणात गावच्या बाया बसलेल्या असताना, ती जे बोलली ते मी तिला या जन्मात माफ करणार नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ताईकडे न बघता म्हणाली, "साऱ्या गावाले वाटत बसली. घरच्या माणसासाठी काही उरू देल्लं नाही."

अंगणात बसलेल्या त्या बायांतल्या कितीतरींनी आपापल्या थैल्या ताईकडून उघडून घेतल्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. फवारणीचा पंप मिळालेला माणूस फाटकाशी उभा होता, तो चपला घालून निघून गेला. ताई खाली मान घालून तशीच बसली. मी काही म्हणायला उठले तर आईनं माझा हात धरला.

त्यानंतर त्या घराकडे कोणी पाकीट घेऊन आलं नाही. ताईची मुलगी पुण्याला नोकरीवर होती, बगीचा दीर पाहत होता. ताईशी घरात कोणी वाईट वागत होतं असं नाही, पण कोणी वागतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. एक दिवस मी गेले आणि तिला घेऊन आले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी आई आणि मी, आता ताई तिसरी. मला वाटलं, गल्लीत येईल, जुनी माणसं भेटतील, जरा मोकळी होईल.

जुनी माणसं भेटली. समोरच्या काकू आता वाकल्या आहेत, पण डोळे शाबूत आहेत. त्या एका संध्याकाळी हातात चहापत्ती घेऊन ओट्यापर्यंत आल्या, सवयीनंच आल्या असतील, आणि दारात ताई दिसली तसं पाकीट पदराखाली गेलं. तब्येत विचारली, हवापाणी विचारलं आणि परत गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. माझ्या तोंडात शिवी आली होती. पण ताईनं काही झालंच नाही असं दाखवलं, आणि मी शिवी गिळली.

खरी गोष्ट माझ्या ध्यानात यायला मात्र वेळ लागला. मी कारखान्यातून परत यायची तर घरात चहा झालेला नसायचा. का, तर दुधाची पिशवी फोडलेली नाही. फ्रिजमध्ये पिशवी, ओट्यावर कात्री, आणि ताई पातेलं घासून ठेवून माझी वाट बघत बसलेली. आईला धड दिसत नाही म्हणून आई कात्री हातात घेत नव्हती. पहिल्या पहिल्यांदा मी म्हटलं विसरली असेल. मग पाहिलं तर मिठाची पिशवी तशीच, डाळीची तशीच, गोळ्यांची पट्टीसुद्धा आईकडून चाचपून फोडून घ्यायची. बंद असलेल्या कशालाच ती हात लावत नव्हती. मी आईला विचारलं. आई म्हणाली, मले माहीत हाये, तू काही बोलू नको तिले.

मी बोलले. माझ्याच्यानं राहवत नाही, माझा स्वभावच तसा. ताईला समोर बसवलं आणि विचारलं, हा काय प्रकार आहे?

तिनं मला सगळं सांगितलं, न रडता, हळूहळू, हिशेब सांगावा तसं. तिच्या मते प्रत्येकाच्या हातात काही मापात दिलेलं असतं. तिला दिलेलं तिनं वाटून टाकलं. कोणाला नाणं दिलं, कोणाला पंप दिला, टोप्या आणि टॉर्च दिल्या. ती सगळी माणसं अजून धडधाकट आहेत, नातवंडं खेळवतात. आणि घरच्या माणसाची वेळ आली तेव्हा हातात एका बिस्किटाच्या पुड्याएवढंच शिल्लक होतं. तेही तिनं फाडून संपवलं. नसतं फाडलं तर कदाचित तेवढंच त्यांच्या कामी आलं असतं. म्हातारी बोलली ते तिला लागलं नव्हतं, असं ती म्हणाली. तिला ते पटलं होतं.

मी डोक्याला हात लावला. त्या घरात, त्या अंगणात जे झालं त्याचा संताप एकीकडे, आणि हे दुसरीकडे. माझी बहीण रोज सकाळी उठून दुधाच्या पिशवीकडे बघत होती आणि आपण नवऱ्याचा जीव टोप्या-टॉर्चवर उडवला असं समजून बसली होती. मी त्याच वेळी ठरवलं, हे डोक्यातून काढायचं. काहीही करून काढायचं. दुसरा कोणी नाही, मीच काढू शकते, कारण ती कार्डं कुठून येतात ते मला माहीत आहे.

संधी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशिनींची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आणायची मुभा असते. बाया नटूनथटून येतात, पोरं गठ्ठ्यांवर चढतात, प्रत्येक मशिनीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. ताई यायला तयार नव्हती. मी जवळजवळ ओढतच कारखान्याच्या बसमध्ये बसवली. नवी साडी नेसायला लावली, तेवढं तिनं ऐकलं.

पूजा झाल्यावर शकुनाला म्हणून मशीन थोडा वेळ चालवतात. मी मशीनवाल्या दादांना आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या बहिणीला कार्डांचं सगळं नीट दाखवा. भला माणूस. त्यानं ताईला जवळ उभं केलं आणि मोठ्या तक्त्यावर ओळीनं छापलेली कार्डं दाखवली. एकाला लागून एक, सगळी सारखी, सगळी 'पुन्हा प्रयत्न करा'. मग चंदेरी पट्टा कसा चढतो ते दाखवलं, कापणी कशी होते ते दाखवलं. बक्षिसाची कार्डं वेगळी छापतात, असं सांगितलं. ती कार्डं चहा-साबणाच्या कंपनीची माणसं स्वतःच्या देखत मोजून, डबा सीलबंद करून नेतात. पाकिटं भरायच्या ठिकाणी ती बाकीच्यांत मिसळतात आणि मशीन एकेका पाकिटात एकेक टाकत जातं. कुठलं पाकीट कुठल्या गाडीत चढेल, कुठल्या गावाला उतरेल, ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. आणि पाकिटाचं तोंड एकदा बंद झालं की आतलं काही बदलत नाही, बाई, असं तो म्हणाला.

ताईनं सगळं मन लावून ऐकलं. शाळेत इतकं लक्ष दिलं असतं तर, असं मला वाटून गेलं. तिनं एक प्रश्नही विचारला. गावात बियाण्याच्या थैलीत जे येतात तेही असेच का? तेही असेच, तो म्हणाला. ताईनं त्याला नमस्कार केला.

बसला वेळ होता. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बाक आहे, तिथे आम्ही बसलो. हातात प्रसादाचा पेढा. मी आतून फुलले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी नीट करते आहे असं वाटत होतं. कधी ती बोलते आणि कधी तिच्या मनावरचं ओझं उतरतं याची वाट पाहत होते.

"म्हणजे माह्या हातात काहीच नव्हतं?" ताईनं विचारलं.

"काहीच नव्हतं ताई. तू फाड नाहीतर कुत्र्यानं फाडू दे, निघायचं तेच निघते. तुह्यामुळे कोणाले काही मिळालं नाही अन् तुह्यामुळे कोणाचं काही गेलंबी नाही."

"कधीच नव्हतं?"

"कधीच नव्हतं."

तिनं पेढा न खाता पदराच्या टोकाला बांधला. रस्त्यावरून ट्रक जात होते. मग तिनं मला विचारलं, मग इतकी वर्षं लोक तिच्याकडे काहून येत होते? मी म्हटलं, येडे होते म्हणून. बोलून गेले. जीभ मला आवरत नाही, आणि त्या दिवशी तर मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

"अन् हे?" ती म्हणाली. "हेबी येडेच होते?"

दवाखान्यातली ती खाट, आधी हात धू म्हणणारे भाऊजी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ते गावभर जिची फुशारकी मारत फिरले ती बायको. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं हात सावकाश मांडीवर ओढून घेतला.

"मी उधळलं म्हून रडत होती वं," ताई म्हणाली. "उधळलं म्हणजे होतं तरी. तू म्हणतं नव्हतंच."

बस आली. आम्ही चढलो. ती खिडकीशी बसली. मी नोकरीत लागल्यापासून त्या रस्त्यानं रोज येते-जाते, पण त्या दिवशी तो मला संपता संपेना. मला सारखं वाटत होतं, बस थांबवावी, परत न्यावी, त्या मशीनवाल्याच्या तोंडून हे सगळं परत घ्यावं. पण सांगितलेलं परत घेता येत नाही. मी तिची चूक काढली आणि चुकीबरोबर तिचं सगळंच काढून घेतलं. तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? मार्कं माझी, नोकरी माझी, जीभ माझी. नवरा गेला. एक हात होता, तो मी हिंगण्याला नेऊन दाखवून आणला की बघ, नव्हताच.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी उठायच्या आत चहा तयार होता. दुधाची पिशवी फोडलेली होती. त्या दिवसापासून ताई सगळं फोडते. मीठ, डाळ, पत्ती, बिस्किटं, आईच्या गोळ्या. हात धुवत नाही. कात्री घेते, सरळ रेषेत कापते, डब्यात ओतते आणि वेष्टण चुरगाळून केराच्या डब्यात टाकते. कार्ड निघालं तर तेही त्यातच. खरवडत नाही. मी एकदा केरातून काढून खरवडून पाहिलं. काही नव्हतं. आई मला म्हणते, चांगलं केलं तू, पोरगी माणसांत आली. मी हो म्हणते. मला हेच तर पाहिजे होतं.

आमच्या मागच्या घरात नवीन भाडेकरू आले आहेत. त्यांची सून तरुण आहे, पोटुशी आहे, गल्लीतलं जुनं काही तिला ठाऊक नाही. ती मागच्या आठवड्यात चहापत्तीचं पाकीट घेऊन आली. तिला कळलं होतं की मी असल्या कारखान्यात काम करते, म्हणून विचारायला आली की यात खरंच काही निघतं का, की नुसती बनवाबनवी असते. ताई आत भांडी पुसत होती. आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती.

मी आयुष्यभर खरं तोंडावर बोलत आले. त्याचा मला गर्व होता. पण त्या मुलीला मी म्हटलं, निघतं, पण हाताला यश लागतं. माझ्या बहिणीच्या हाताला आहे. या गल्लीत कोणालाही विचार. आत जा, तिच्या हातानं फाडून घे. हे मी जरा मोठ्यानं म्हटलं, आत नीट ऐकू जाईल असं.

मुलगी हसली, आशेनं आत वळली. ताई दारात आली. हातात फडकं होतं. तिनं त्या मुलीच्या हातातलं पाकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि रागावली नाही, काही नाही. लहानपणी मी पडले की बोलायची तशा आवाजात बोलली.

"कायले खोटं सांगतं वं त्या पोरीले?"

आणि भांडी पुसायला आत गेली. मुलगी पाकीट हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला बसायला पाट दिला.